स्मिता पाटील : बातम्यांच्या टेबलापासून ‘उंबरठा’पर्यंत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अभिनेत्री स्मिता पाटीलबद्दल वर्षातून दोनदा भरभरून लिहिलं जातं, १७ ऑक्टोबरला आणि १३ डिसेंबरला. एक तिचा जन्मदिवस, दुसरा स्मृतिदिन. त्यातलं बहुतेक लिखाण तिच्या लग्नाभोवती आणि अकाली मृत्यूभोवती फिरतं. ती घडली कशी, हा भाग चार ओळींत उरकला जातो आणि त्या चार ओळींतही चुका असतात. म्हणून इथे भर तिच्या सुरुवातीच्या वर्षांवर आहे, साधारण १९८२ पर्यंत. स्मिता अचानक कुणाला ‘सापडली’ असं म्हणतात, ते मला पटत नाही. सत्तरच्या दशकातल्या महाराष्ट्रात सेवा दल, नवं दूरदर्शन, पुण्यातली फिल्म इन्स्टिट्यूट आणि नाटककार विजय तेंडुलकर, दिग्दर्शक श्याम बेनेगल, जब्बार पटेल ही मंडळी एकाच वेळी जोमात होती. या सगळ्यांच्या मधोमध ती वाढली.

स्मिता पुण्याची की खानदेशातली?

जन्म पुण्याचा, १७ ऑक्टोबर १९५५. मूळ घराणं खानदेशातलं. वडील शिवाजीराव गिरधर पाटील धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचे. ते स्वातंत्र्यसैनिक होते, वळण समाजवादी. पुढे राज्यात मंत्री झाले, सहकारी साखर कारखानदारीतही त्यांचं मोठं नाव होतं. २०१३ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. आई विद्याताई परिचारिका होत्या आणि समाजकार्यातही असत. तिघी बहिणींमध्ये स्मिता मधली. शाळा पुण्यातली रेणुका स्वरूप, म्हणजे मराठी माध्यमाची मुलींची शाळा. पुढे वडिलांच्या राजकारणामुळे घर मुंबईला हललं.

मंत्र्यांची मुलगी म्हणून संधी मिळाली का?

हा प्रश्न हमखास येतो. शिवाजीरावांचं जग साखर कारखाने, शेतकरी आणि पक्षाच्या बैठका यांचं होतं. सिनेमावाल्यांशी त्यांचा संबंध नव्हता. घरातून तिला जे मिळालं ते वेगळंच होतं. मुलगी म्हणून घरी कोंडून ठेवलं नाही, कार्यकर्त्यांच्या गराड्यात वाढू दिलं, चारचौघांत बोलायची सवय लागली. त्या काळात बऱ्या घरातल्या मुलीनं पडद्यावर यायचं म्हटलं की आधी घरातच रण माजायचं. ती लढाई स्मिताच्या वाट्याला फारशी आली नाही, आणि तो फायदा मोठाच होता. पण दूरदर्शनवरची निवड आणि बेनेगलांची हाक यांचा प्रवास दुसऱ्या वाटेनं झाला. तो पुढे येतोच आहे.

राष्ट्र सेवा दलाचा तिच्या अभिनयाशी काय संबंध?

माझ्या मते खूप जवळचा. सेवा दल ही समाजवादी वळणाची संघटना. तिच्या कलापथकात गाणी, नाच, पोवाडे, छोटी नाट्यं बसवली जात आणि गावोगावच्या उघड्या मैदानांवर सादर होत. मेकअपची खोली नाही, पडदा नाही, समोर शेतकरी, कामगार, शाळकरी पोरं. तिथे लाजून चालत नाही आणि नखरे करूनही चालत नाही. शाळकरी वयातच स्मिता या वातावरणात वावरली. पुढे पडद्यावर तिनं ‘मंथन’मधली दूध घालणारी बाई, ‘जैत रे जैत’मधली ठाकरवाडीतली चिंधी, ‘चक्र’मधली झोपडपट्टीतली अम्मा उभी केली. त्यांतली एकही बाई ‘शहरातल्या मुलीनं गावातलीचं सोंग आणलंय’ अशी वाटत नाही. तिचं बसणं, पदर खोचणं, डोक्यावर ओझं घेऊन चालणं अंगात मुरलेलं दिसतं. आणखी एक धागा मला फार आवडतो. सेवा दलाच्या कलापथकाचे आधारस्तंभ कवी वसंत बापट. पुढे तिच्या ‘उंबरठा’ चित्रपटासाठी ‘गगन सदन तेजोमय’ हे गाणं लिहिलं ते त्यांनीच.

ती दूरदर्शनवर कशी आली?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. दिल्लीनंतरचं देशातलं हे दुसरं केंद्र. सगळं कृष्णधवल, एकच वाहिनी आणि संध्याकाळचे मोजके तास. गल्लीत एखाद्याच घरी टीव्ही असायचा आणि अख्खी आळी तिथे जमायची.

स्मिताची मैत्रीण ज्योत्स्ना किरपेकर तिथे बातम्या देत असत. त्यांचे यजमान छायाचित्रकार. त्यांनी हौसेनं स्मिताचे फोटो काढले होते. ते फोटो दूरदर्शन केंद्रात पोचले आणि तेव्हाचे केंद्रप्रमुख पी. व्ही. कृष्णमूर्ती यांनी पाहिले. ही मुलगी कोण, म्हणून विचारणा झाली आणि तिला चाचणीला बोलावलं गेलं. स्मिता आधी तयारच नव्हती, मैत्रिणीनं मागे लागून तिला नेलं. पाठ असलेलं काहीतरी म्हणून दाखव, असं चाचणीत सांगितल्यावर तिनं ‘आमार सोनार बांगला’ म्हटलं. बांगलादेश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि त्या गाण्याचे सूर तेव्हा हवेतच होते. पुण्याच्या मराठी शाळेतली मुलगी मुंबईच्या स्टुडिओत बंगाली गाणं म्हणते आणि मराठी बातम्यांसाठी निवडली जाते! तिची विशीही तेव्हा उलटली नव्हती.

जीन्सवर साडी नेसून बातम्या द्यायची, हे खरं का?

खरं. ती एरवी जीन्स आणि कुडत्यात वावरायची. बातम्यांना साडी सक्तीची. मग केंद्रावर पोचायचं, जीन्सवरच साडी गुंडाळायची आणि टेबलामागे जाऊन बसायचं. कॅमेऱ्यात कमरेच्या वरचंच दिसणार. बुलेटिन संपलं की साडी सोडून पुन्हा बाहेर. लोकांना घरोघरी दिसायची ती मोठं कुंकू लावलेली, काठाची साडी नेसलेली, गंभीर डोळ्यांची मुलगी.

बातम्या देण्याचा अभिनयाला काही उपयोग झाला का?

याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून थोडं सविस्तर. बातम्या देणाऱ्या माणसाला हातवारे करता येत नाहीत, हसता येत नाही, मान हलवायलाही फार वाव नसतो. हातातल्या कागदावरून नजर उचलायची, थेट भिंगात बघायचं आणि समोर कुणीतरी बसलंय या विश्वासानं बोलायचं. रोज तेच, आणि तेही थेट प्रक्षेपणात, जिथे दुसरा टेक नाही. कॅमेऱ्याची भीती जाण्यासाठी याहून चांगली तालीम कुठली?

तिच्या चित्रपटांतले क्लोज-अप या नजरेनं पाहा. इतर नट्या जिथे भुवया, ओठ, हनुवटी सगळं कामाला लावतात, तिथे स्मिता काही क्षण काहीच करत नाही. फक्त बघते. आणि त्या बघण्यातून आपल्याला सगळं कळतं. हे तिला दूरदर्शननं दिलं असं मी ठामपणे म्हणेन.

ती पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची विद्यार्थिनी होती ना?

अनेक ठिकाणी तसं छापलेलं असतं. शबाना आझमी, नसीरुद्दीन शाह, ओम पुरी हे तिथून अभिनयाचं शिक्षण घेऊन आले. स्मितानं तो अभ्यासक्रम केलेला नाही. तिचा तिथे राबता होता तो मित्रमंडळींमुळे. प्रभात स्टुडिओच्या त्या आवारात तेव्हा जगभरचे सिनेमे दाखवले जात आणि त्यावर रात्ररात्र वाद चालत. तिथेच अरुण खोपकर यांनी आपल्या पदविका चित्रपटात, ‘तीव्र मध्यम’मध्ये (१९७४) तिला घेतलं. विद्यार्थ्यानं केलेला छोटा चित्रपट, पण मुख्य भूमिका तिची.

श्याम बेनेगल यांनी तिला कुठे पाहिलं?

टीव्हीवर, बातम्या देताना. ध्वनिमुद्रक हितेंद्र घोष यांनी बेनेगलांना तिचं नाव सुचवलं होतं. त्यांनी बातम्या पाहिल्या आणि ही मुलगी आपल्या कामाची आहे हे ओळखलं. तिला घेऊन त्यांनी आधी ‘चरणदास चोर’ (१९७५) हा मुलांसाठीचा चित्रपट केला. हबीब तन्वीर यांचं गाजलेलं नाटक, छत्तीसगडचे लोककलावंत आणि त्यांच्यात राजघराण्यातल्या मुलीच्या भूमिकेत स्मिता. नवी मुलगी कॅमेऱ्यासमोर कशी वावरते हे बेनेगलांना त्यात पाहून घेता आलं.

लोकांच्या डोळ्यांत भरलेली पहिली भूमिका कुठली?

‘निशांत’ (१९७५). पटकथा विजय तेंडुलकरांची. जमीनदाराचे मुजोर भाऊ गावातल्या मास्तराची बायको पळवून आणतात. मास्तर गिरीश कार्नाड, बायको शबाना. धाकट्या भावाची, नसीरुद्दीनची बायको रुक्मिणी, ती स्मिता. आपल्याच वाड्यात नवऱ्यानं दुसरी बाई कोंडून ठेवलीय आणि आपल्याला तिचा रागही येतोय, कीवही येतेय, अशी ती विलक्षण कोंडी. संवाद मोजके. पाठोपाठ आला ‘मंथन’.

‘मंथन’बद्दल इतकं का बोललं जातं?

एक कारण पैशाचं. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून हा चित्रपट (१९७६) उभा केला आणि प्रदर्शित झाल्यावर बैलगाड्या जोडून तो पाहायला आले. २०२४ साली त्याची डागडुजी केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली.

दुसरं कारण बिंदू. सहकारी दूध सोसायटी काढायला आलेल्या शहरी डॉक्टरकडे संशयानं बघणारी, मग हळूहळू विश्वास टाकणारी गावातली बाई. चित्रीकरण राजकोटजवळच्या खेड्यात झालं आणि स्मिता तिथल्या बायकांमध्ये जाऊन बसायची. बाहेरगावाहून शूटिंग बघायला आलेल्यांना यात हिरॉईन कोण तेच कळेना, ही हकीकत त्या युनिटमधल्यांनी पुन्हा पुन्हा सांगितली आहे. सहकार चळवळीत आयुष्य घालवणाऱ्या बापाच्या लेकीनं हा चित्रपट करावा, यालाही अर्थ आहेच.

‘भूमिका’त तिनं असं काय केलं, की एवढ्या लहान वयात राष्ट्रीय पारितोषिक मिळालं?

‘भूमिका’ (१९७७) बेतला आहे हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर. मराठी प्रेक्षकाला हंसाबाई ‘लोकशाहीर रामजोशी’सारख्या चित्रपटांमुळे ठाऊक होत्याच, पण पडद्यामागचं त्यांचं आयुष्य वाचून अनेकांची झोप उडाली होती. घर चालवायला लहानपणीच कामाला जुंपलेली मुलगी, तिच्या कमाईवर जगणारा आणि तिच्यावर संशय घेणारा नवरा, सुटकेसाठी धरलेला प्रत्येक हात पुन्हा नवा पिंजरा ठरणं.

हे सगळं उभं करायचं होतं एकविशी-बाविशीतल्या मुलीनं. वयात येणाऱ्या पोरीपासून वयात आलेल्या मुलीच्या आईपर्यंत. समोर अमोल पालेकर, अनंत नाग, नसीरुद्दीन, अमरीश पुरी आणि आईच्या भूमिकेत सुलभा देशपांडे.

सुरुवातीचाच प्रसंग बघा. लावणीच्या थाटाचं गाणं चाललंय, नऊवारी, घुंगरू, नजरेचे फेक, सगळं बाजाला साजेसं. मग लक्षात येतं की हा सिनेमाचा सेट आहे. आणि कॅमेरा बंद झाल्यावरचा तिचा चेहरा! आत्ता ज्या डोळ्यांनी अख्खी बैठक जिंकली, त्यांत क्षणात शीण उतरतो. पुढचे दोन तास काय सांगायचंय ते तिनं त्या एका उतरत्या चेहऱ्यात सांगितलेलं असतं. अमरीश पुरींच्या वाड्यात आल्यावर तर ती वेगळीच बाई होते. आधी गृहिणी म्हणून रमते, स्वयंपाकघर हाती घेते, मुलाला जीव लावते. मग एके दिवशी जत्रेला जायचं म्हणते आणि उंबऱ्याबाहेर पडायची परवानगीच नाही हे तिला कळतं. त्या वेळी ती आरडाओरडा करते, पण मला जास्त लागतं ते त्याआधीचं काही क्षणांचं अवाक् होणं.

त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं राष्ट्रीय पारितोषिक तिला मिळालं. माझ्या लेखी हिंदी पडद्यावरच्या सर्वोत्तम कामांपैकी हे एक आहे आणि ते मराठी बाईच्या आयुष्यावर मराठी मुलीनं केलंय.

मराठीत तिनं किती काम केलं?

संख्येनं कमी. ‘सामना’मध्ये छोटी भूमिका, मग ‘जैत रे जैत’ (१९७७), ‘सर्वसाक्षी’ (१९७८) आणि ‘उंबरठा’ (१९८२). हिंदीत तिला मिळालेल्या कामाच्या मानानं आपण तिला फार थोडं दिलं, याची खंत वाटते.

‘जैत रे जैत’ गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा. ठाकर समाजातला नाग्या म्हणजे मोहन आगाशे आणि नवऱ्याला सोडून आलेली चिंधी म्हणजे स्मिता. ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. ‘मी रात टाकली’ आजही कुठल्याही गाण्यांच्या कार्यक्रमात हमखास होतं. पण चिंधीचा तो बेधडक, मोकळा वावर बघायला चित्रपटच पाहावा लागतो.

‘उंबरठा’ तिच्या कारकिर्दीत इतका महत्त्वाचा का?

कारण इथे ती पीडित नाही, निर्णय घेणारी आहे. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. सुलभा महाजन सुखवस्तू घरातली सून. नवरा वकील, सासूबाई समाजकार्यात, जाऊ मायाळू, लहान मुलगी राणी. छळ नाही, मारहाण नाही. तरी तिला स्वतःचं काम हवंय, आणि त्यासाठी ती मुलीला घरी ठेवून परगावच्या महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते.

आजही हा चित्रपट एकत्र बसून पाहिला की घरात दोन तट पडतात. ‘लेकराला टाकून गेली’ म्हणणारे एका बाजूला, ‘पुरुष नोकरीला परगावी जातो तेव्हा कुणी विचारतं का?’ म्हणणारे दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडच्या लोकांना सुलभा खरीच वाटते, ही स्मिताची ताकद. तिनं सुलभाला देवी केलं नाही. आश्रमातल्या मुलींशी ती कधी कमी पडते, व्यवस्थापन समितीसमोर हट्टाला पेटते, राणीच्या आठवणीनं आतून तुटते आणि पुन्हा फायली उघडते. घरी परतल्यावर आपली जागा दुसऱ्या बाईनं घेतलीय हे नवरा तिला सांगतो तेव्हाही ती रडारड करत नाही. ऐकून घेते. टेबलामागून सरळ बघणारी ती बातम्यांमधली मुलगी मला या प्रसंगात दिसते.

सुरेश भटांचं ‘सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या’ याच चित्रपटातलं. भूमिकेसाठी तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. हाच चित्रपट हिंदीत ‘सुबह’ नावानं झाला.

मग ती ‘नमक हलाल’सारख्या धंदेवाईक चित्रपटांकडे का वळली?

याचं उत्तर तिनंच मुलाखतीत दिलेलं आहे आणि त्यात कडवटपणा आहे. सुरुवातीची चार-पाच वर्षं तिनं मोठ्या बॅनरच्या ऑफर नाकारल्या. समांतर सिनेमाशी बांधिलकी म्हणून. पण त्याच दिग्दर्शकांना थोडं यश मिळाल्यावर मोठ्या नावांची गरज वाटू लागली आणि तिला दोन-एक चित्रपटांतून सरळ वगळण्यात आलं. नावच हवं असेल तर आपणही नाव कमावू, असं तिनं ठरवलं. १९८२ साली ‘नमक हलाल’ आणि ‘शक्ती’ आले, दोन्हींत अमिताभ बच्चन नायक. ‘आज रपट जाएँ’ या पावसातल्या गाण्याच्या चित्रीकरणानंतर ती फार अस्वस्थ झाली होती, रडली होती. गाणं मात्र तुफान गाजलं.

यावरून तिला नावं ठेवणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की त्याच वर्षी ‘उंबरठा’, ‘बाज़ार’ आणि ‘अर्थ’ही आले होते.

‘चक्र’च्या पोस्टरवरून काय वाद झाला होता?

‘चक्र’ (१९८१) जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा, रवींद्र धर्मराज यांचा चित्रपट. मुंबईतल्या झोपडपट्टीतली अम्मा उभी करण्यासाठी स्मिता तिथल्या वस्त्यांमध्ये जाऊन बायकांमध्ये वावरली होती. चित्रपटात अम्मा उघड्यावर अंघोळ करते. वितरकांनी नेमकं तेच दृश्य पोस्टरवर घेतलं. स्मिताचं म्हणणं स्वच्छ होतं : झोपडीत न्हाणीघर नसतं, बाईला उघड्यावरच अंघोळ करावी लागते, आणि वस्तीत तिच्याकडे थांबून कुणी बघत नाही. त्या लाचारीचं आमिष करून प्रेक्षक खेचणं तिला मान्य नव्हतं. याच भूमिकेसाठी तिला दुसरं राष्ट्रीय पारितोषिक आणि फिल्मफेअर मिळालं.

चित्रपटांत गेल्यावर टीव्हीसाठी पुन्हा काही केलं का?

हो, आणि तेही सत्यजित राय यांच्याबरोबर. प्रेमचंदांच्या कथेवरची ‘सद्गती’ (१९८१) त्यांनी दूरदर्शनसाठी केली. ओम पुरी दुखी, स्मिता त्याची बायको झुरिया, आणि राबवून घेणारा ब्राह्मण मोहन आगाशे. ‘जैत रे जैत’मधली जोडी इथे एकदम समोरासमोर उभी. नवरा मेल्यावर ब्राह्मणाच्या दारात झुरियानं मांडलेला आकांत एकदा ऐकला की डोक्यातून जात नाही.

शबाना आणि स्मिता यांच्यात खरंच चुरस होती का?

होती, आणि शबाना यांनी स्मिताच्या पश्चात ती मोकळेपणानं मान्य केली आहे. ‘निशांत’, ‘अर्थ’ आणि ‘मंडी’ या तिन्हींत दोघी एकत्र आहेत. दोघींपैकी श्रेष्ठ कोण, या वादात मला रस नाही.

एकूण किती चित्रपट, किती वर्षं?

दहा-बारा वर्षांत ऐंशीच्या आसपास. हिंदी आणि मराठीबरोबर गुजराती, बंगाली, मल्याळमही. मृणाल सेन यांच्या ‘अकालेर संधाने’मध्ये ती स्मिता नावाच्या अभिनेत्रीच्याच भूमिकेत आहे. १९८५ मध्ये पद्मश्री. १३ डिसेंबर १९८६ रोजी, मुलगा प्रतीकच्या जन्मानंतर पंधरा दिवसांनी, ती गेली. वय ३१.

तिचं काम पहिल्यांदाच बघायचंय. कुठून सुरुवात करावी?

‘भूमिका’पासून करू नका, तो दुसरा किंवा तिसरा ठेवा. आधी ‘जैत रे जैत’ पाहा, म्हणजे तिची ऊर्जा कळेल. मग ‘मंथन’, शक्यतो डागडुजी केलेली प्रत. त्यानंतर ‘भूमिका’, आणि तो पाहण्याआधी किंवा पाहिल्यावर लगेच हंसाबाईंचं पुस्तक वाचा. ‘उंबरठा’ एकट्यानं न बघता घरच्यांसोबत बघा आणि नंतरच्या वादाला वेळ राखून ठेवा. ‘सद्गती’ तासाभराचीच आहे, पण त्या दिवशी दुसरं काही लावू नका. हे पाच झाले की ‘चक्र’ आणि ‘मिर्च मसाला’.